पाय न ठेवलेल्या देशाचा व्हिसा

२१ डिसेंबर २०२३ रोजी एक एअरबस विमान फ्रान्समधल्या वात्री नावाच्या लहानशा विमानतळावर उतरले. ते निघाले होते संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून आणि त्याला जायचे होते मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला. वात्रीला थांबायचे ते फक्त इंधन भरून घेण्यापुरते. आत ३०३ प्रवासी होते, जवळपास सगळे भारतीय. यात मानवी तस्करी असावी अशी निनावी खबर फ्रेंच पोलिसांना मिळाली आणि विमान जागीच अडवले गेले. विमानतळाच्या दालनात खाटा मांडल्या गेल्या. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, रविवार असूनही, न्यायाधीश विमानतळावर आले आणि तिथेच सुनावण्या सुरू झाल्या. अखेर २६ डिसेंबरच्या पहाटे ते विमान २७६ प्रवाशांना घेऊन मुंबईला उतरले. मागे राहिलेल्यांपैकी पंचवीस जणांनी फ्रान्सकडे आश्रय मागितला होता.

या बातमीची चर्चा आपल्याकडे झाली ती ‘डंकी’ मार्गाने अमेरिकेत शिरणाऱ्यांच्या अंगाने. मला त्यातला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या लोकांनी फ्रान्सचे तिकीट काढले नव्हते, फ्रान्सचा व्हिसा मागितला नव्हता. मग ते त्या चार दिवसांत फ्रान्समध्ये होते की नव्हते? होते म्हणावे, तर व्हिसाशिवाय कसे? नव्हते म्हणावे, तर फ्रेंच न्यायाधीश त्यांच्या सुनावण्या कोणत्या अधिकाराने घेत होते?

ट्रान्झिट व्हिसा नावाची जी चीज आहे ती या प्रश्नातून जन्मते. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाऊन आलेल्या वाचकांना तिची ओळख असेल. जायचे कॅनडाला, विमान बदलायचे लंडनला, आणि ट्रॅव्हल एजंट विचारतो, “काका, लंडनचा ट्रान्झिट लागेल का बघितलंत का?” काकांना वाटते, आपण लंडन बघणारही नाही, विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही, त्याला कसली परवानगी? हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याने शंभर वर्षे त्याच्याशी झटापट केली आहे, आणि काकांच्या बाजूने निकाल दिलेला नाही.

वाटेने जाऊ देण्याबद्दल काही घेणे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘रहदारी’ हा शब्द आज आपण वाहनांच्या वर्दळीसाठी वापरतो. मूळ फारसी ‘राहदारी’ म्हणजे रस्त्याची राखण; जुन्या मराठी कागदपत्रांत ती वाटेवर द्यावा लागणारा कर म्हणून येते, आणि तो भरल्याचा, पुढे जाऊ द्यावे असे सांगणारा परवाना म्हणूनही. अगदी अलीकडेपर्यंत आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके होते. माल शहरात उतरणार असेल तर जकात, आणि नुसता शहरातून पलीकडे जाणार असेल तर पारगमन शुल्क. नाक्यावरच्या माणसाची शंका एकच असायची: हा ट्रक खरोखर पलीकडच्या नाक्याने बाहेर पडेल, की मधेच कुठल्या गोदामात रिकामा होईल? ट्रान्झिट व्हिसाच्या मुळाशी हीच शंका आहे. फरक एवढाच की ट्रकच्या जागी माणूस आहे.

मालाच्या बाबतीत जगाने ही शंका बरीचशी मिटवली. २० एप्रिल १९२१ रोजी बार्सिलोना येथे पारगमनाच्या स्वातंत्र्याचा करार झाला. राष्ट्रसंघाचा सदस्य म्हणून हिंदुस्थानही त्यात होता. रेल्वे आणि जलमार्ग यांवरून एका देशातून तिसऱ्या देशात जाणारा माल, सामान आणि माणसे यांना अडवू नये, असे त्याचे सूत्र. पण त्यातच एक कलम घातले गेले की ज्या प्रवाशाला देशात प्रवेश निषिद्ध आहे, त्याला वाट देण्याचे बंधन कोणत्याही देशावर नाही. म्हणजे माणसाच्या बाबतीत दार उघडले आणि कडीही आपल्याच हातात ठेवली. १९४७ च्या गॅट करारात, जो पुढे जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरला, पाचवे कलम पारगमनाचे आहे. त्यातून माणसे गळालीच. विमानांच्या वाहतुकीलाही ते कलम लागू नाही; मात्र विमानाने जाणाऱ्या मालाला लागू आहे, आणि कंसात स्पष्ट म्हटले आहे की सामानासह. काकांची बॅग लंडनमार्गे टोरांटोला जाते तेव्हा तिला आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण असते. काकांना नसते. मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वर जाऊन नीट वाचून घेतले.

विमानांची सोय आणखी वेगळ्या कराराने झाली. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला ५२ देशांनी नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. त्याचे पहिलेच कलम सांगते की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचे पूर्ण सार्वभौमत्व आहे. सोबतच्या एका स्वतंत्र करारात नियमित विमानसेवांसाठी दोन ‘स्वातंत्र्ये’ दिली गेली: न उतरता वरून उडत जाण्याचे, आणि प्रवासी किंवा माल चढवण्या-उतरवण्यासाठी नव्हे तर इंधन, दुरुस्ती यांसाठी उतरण्याचे. त्या काळच्या विमानांना याची गरजच होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले ते कैरो आणि जिनिव्हा करीत. पण ही स्वातंत्र्ये विमानाची. प्रवाशांसाठी मूळ करारात तेरावे कलम आहे: प्रवेश, पासपोर्ट, सीमाशुल्क, साथरोग यांविषयीचे त्या देशाचे कायदे प्रवाशाने आत येताना, बाहेर जाताना ‘किंवा त्या भूमीत असेपर्यंत’ पाळले पाहिजेत. वात्रीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या शेवटच्या चार शब्दांत आहे.

उरलेले अर्धे उत्तर देण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण ट्रान्झिट व्हिसा विमानाहून जुना आहे, आणि एके काळी तो आजच्यापेक्षा सोपा असावा असा विचार गंभीरपणे केला गेला होता. पहिल्या महायुद्धात युरोपने पासपोर्ट आणि व्हिसाची जी कुंपणे घातली ती युद्ध संपल्यावर काढायची कशी, यावर ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली. कुंपणे निघाली नाहीत, पण परिषदेने काही शिफारशी केल्या. साध्या व्हिसाचे शुल्क दहा सुवर्ण फ्रँकहून जास्त नसावे. ट्रान्झिट व्हिसाचे एकच फ्रँक. ज्याच्याकडे शेवटच्या मुक्कामाचा व्हिसा आहे त्याला वाटेतल्या देशाने फारशी चौकशी न करता ट्रान्झिट व्हिसा देऊन टाकावा. तर्क सरळ होता: ज्याला पुढे जाता येते तो इथे कशाला राहील? आज शेंगेन देशांचा विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा काढायचा तर शुल्क पूर्ण पर्यटन व्हिसाइतकेच, ९० युरो आहे. एक दशांशाचे प्रमाण कुठल्या कुठे गेले.

पॅरिसच्या तर्काची एक काळी बाजू वीस वर्षांनी उघड झाली. पुढचा व्हिसा असेल तरच वाटेचा व्हिसा, असे ठरले की साखळी तयार होते. आणि साखळीतली एक कडी निखळली की सगळीच गळून पडते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर हजारो निर्वासित मार्सेय बंदरात अडकले. तिथून सुटायचे तर एखाद्या समुद्रापलीकडच्या देशाचा प्रवेश व्हिसा हवा. तो दाखवला तर पोर्तुगालचा ट्रान्झिट. पोर्तुगालचा मिळाला तर स्पेनचा. आणि या सगळ्यांवर फ्रान्समधून बाहेर पडण्याची परवानगी. प्रत्येक कागदाची मुदत वेगळी. शेवटचा हाती येईपर्यंत पहिला संपलेला असायचा. जर्मन लेखिका आना झेगर्स स्वतः या चक्रातून १९४१ मध्ये निसटून मेक्सिकोला गेली आणि तिने त्यावर कादंबरी लिहिली. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीचे नावच ‘ट्रान्झिट’. वॉल्टर बेंजामिनकडे अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेनचा ट्रान्झिट होता. नव्हती ती फ्रान्समधून निघण्याची परवानगी. तो डोंगर ओलांडून पोर्तबू या स्पॅनिश गावी पोहोचला, तिथे त्याला परत पाठवणार असे सांगण्यात आले आणि २६ सप्टेंबर १९४० च्या रात्री त्याने जीवन संपवले. त्याच्या सोबत्यांना नंतर पुढे जाऊ दिले गेले.

त्याच उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनास शहरात ही साखळी दोन माणसांनी उलट्या बाजूने वापरली. यान झ्वार्तेंडाइक हे हॉलंडचे मानद वाणिज्यदूत होते. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ या डच वसाहतीत जायला व्हिसा लागत नाही, असे त्यांनी निर्वासितांच्या कागदांवर लिहून दिले. ते खरे होते, पण अर्धेच. उतरू द्यायचे की नाही हे तिथला गव्हर्नर ठरवणार, हा पुढचा भाग त्यांनी लिहिला नाही. या ओळीच्या आधारावर जपानचे उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी ‘क्युरासाओला जाणाऱ्या’ लोकांना जपानचे ट्रान्झिट व्हिसा हाताने लिहून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या यादीत २,१४० नावे आहेत. ही माणसे सायबेरियातून व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात आणि पुढे कोबेला पोहोचली. वाटसरू म्हणून आलेली कित्येक माणसे तिथे महिनोन्‌महिने राहिली, आणि ज्यांना पुढे दार मिळाले नाही ती शांघायला गेली.

सुगिहारांची आठवण आज आदराने काढली जाते, आणि ते योग्यच आहे. पण व्हिसा खात्यातला एखादा रुक्ष अधिकारी हीच गोष्ट वाचून वेगळा धडा घेईल: वाटसरू म्हणवणारा माणूस नेहमी वाटसरू नसतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या सरकारांनी तोच धडा घेतला.

जेट विमाने आली, एका विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानाने पुढे जाणे रोजचे झाले, तेव्हा बऱ्याच देशांनी विमानतळाचा एक भाग वेगळा काढला. इमिग्रेशनच्या अलीकडचा तो भाग म्हणजे ट्रान्झिटची जागा. तिथून पुढचे विमान पकडणाऱ्याचा पासपोर्ट सहसा कोणी बघत नसे. त्यामुळे अशी समजूत पसरली की ती जागा कोणत्याच देशाची नाही. सरकारांनाही ही समजूत सोयीची होती. आश्रय मागायला आलेला माणूस तिथेच थोपवला की म्हणता यायचे, तो अजून आमच्या देशात आलेलाच नाही.

९ मार्च १९९२ रोजी सोमालियातून पळालेली चार भावंडे दमास्कसहून पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरली. पासपोर्ट बनावट आहेत म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला आणि विमानतळालगतच्या एका हॉटेलच्या, ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्र’ ठरवलेल्या भागात वीस दिवस ठेवले गेले. मग त्यांना सीरियाला परत पाठवले. त्यानंतर दोनच दिवसांनी एका फ्रेंच न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. तोवर माणसे गेलेली होती. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २५ जून १९९६ रोजी ‘अमूर विरुद्ध फ्रान्स’ या खटल्याचा निकाल लागला. नाव आंतरराष्ट्रीय असले तरी ते क्षेत्र फ्रान्सच्या बाहेर नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. ती जमीन फ्रान्सची, कायदा फ्रान्सचा, जबाबदारीही फ्रान्सची. दरम्यान जुलै १९९२ मध्येच फ्रान्सने कायदा करून अशा ‘प्रतीक्षा क्षेत्रां’ना नियम घालून दिले होते: प्रशासनाला चार दिवस, त्यापुढे ठेवायचे तर न्यायाधीशाची परवानगी. वात्रीच्या दालनात खाटा आणि न्यायाधीश एकत्र का दिसले, ते इथे कळते. ते प्रवासी फ्रान्समध्ये होते. त्यांना फ्रान्समध्ये ‘प्रवेश’ मिळालेला नव्हता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि ट्रान्झिट प्रवाशाची कायदेशीर अवस्था नेमकी हीच आहे.

जाता जाता एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर १९८८ ते २००६ अशी अठरा वर्षे राहिलेले इराणचे मेहरान करीमी नासेरी ट्रान्झिट क्षेत्रात अडकले होते असे सर्रास लिहिले जाते. २००४ च्या ‘द टर्मिनल’ चित्रपटाने ती कल्पना पक्की केली. प्रत्यक्षात ते टर्मिनल एकच्या दुकानांजवळच्या सार्वजनिक भागात बाकावर राहत. त्यांची कथा कागदांची आणि मनाचीही आहे. ट्रान्झिटचे खरे उदाहरण हवे तर एडवर्ड स्नोडेनचे घ्यावे. २३ जून २०१३ रोजी ते हाँगकाँगहून मॉस्कोला उतरले. अमेरिकेने त्यांचा पासपोर्ट रद्द केला होता, त्यामुळे पुढचे विमान पकडता येईना. १ ऑगस्टला तात्पुरता आश्रय मिळेपर्यंत ते शेरेमेत्येवोच्या ट्रान्झिट भागात होते, आणि रशिया सांगत राहिला की त्यांनी आमची सीमा ओलांडलेली नाही.

आता व्हिसाकडे. ट्रान्झिट क्षेत्रातही आपला कायदा चालतो, म्हणजे तिथे कोणी आश्रय मागितला तर ऐकून घ्यावे लागते, हे लक्षात आल्यावर सरकारांनी ठरवले की माणूस तिथवर पोहोचूच नये. १९८७ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेतून निघालेल्या तमिळ आश्रयार्थींचा एक गट लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आला. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला: कागदपत्रांविना प्रवासी आणणाऱ्या विमानकंपनीला माणशी एक हजार पौंड दंड. १९९१ मध्ये तो दोन हजार झाला. १९९३ च्या कायद्याने त्यात ट्रान्झिट व्हिसा जोडला: ठरावीक देशांच्या नागरिकांनी नुसते विमान बदलायचे असले तरी तो हवा, नाही तर कंपनीला दंड. या यादीत पुढे भारतही आला. युरोपीय संघाने मार्च १९९६ मध्ये अशीच समाईक भूमिका घेतली आणि २००९ च्या व्हिसा संहितेने ती पक्की केली. तिच्या चौथ्या परिशिष्टात बारा देशांची नावे आहेत: अफगाणिस्तान, बांगलादेश, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, एरिट्रिया, इथिओपिया, घाना, इराण, इराक, नायजेरिया, पाकिस्तान, सोमालिया आणि श्रीलंका. या देशांच्या नागरिकांना कोणत्याही शेंगेन विमानतळावर विमान बदलायलाही व्हिसा लागतो. भारत या यादीत नाही. पण एखाद्या सदस्य देशाला स्वतःपुरती नावे वाढवता येतात, आणि जर्मनी व फ्रान्स यांनी दीर्घकाळ भारतीयांना ती अट लावली. अशा राष्ट्रीय याद्या बदलत राहतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव म्हणून यंदा उपयोगी पडेलच असे नाही.

यादी वाचली की लक्षात येते, ती देशांच्या गरिबीची यादी नाही. निर्वासित कुठून निघतात, त्याची आहे. संहितेत हेतूही लिहिलेला आहे: बेकायदा स्थलांतर रोखणे. आणि जे अपवाद दिले आहेत ते वाचले की उरलेसुरले धुके निघून जाते. अमेरिका, कॅनडा, जपान यांचा वैध व्हिसा ज्याच्याकडे आहे त्याला विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तो व्हिसा वापरून तिथून परतत असेल तरी लागत नाही. ब्रिटनही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या व्हिसाधारकांना अशीच सूट देतो. एखाद्या श्रीमंत देशाने माणसाला तपासून पास केले की बाकीचे त्या दाखल्यावर भरवसा ठेवतात, जसा तलाठ्याच्या दाखल्यावर पुढच्या सगळ्या कचेऱ्या ठेवतात. ज्याला ब्राझीलला किंवा घानाला जायचे आहे त्याच्या हातात मात्र असा दाखला नसतो. विमानातल्या कर्मचाऱ्यांना संहितेने सूट दिली. जहाजावर रुजू व्हायला निघालेल्या खलाशाचा त्या कलमात उल्लेख नाही. रत्नागिरीचा किंवा गोव्याचा दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेतल्या बंदरात बोट पकडायला निघतो तेव्हा कंपनीचा एजंट मार्ग ठरवताना भाड्याआधी याद्या बघतो, त्याचे कारण हे.

या व्यवस्थेत सीमेवरचा शिपाई बदलला आहे, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. लंडनचा किंवा पॅरिसचा नियम प्रत्यक्षात राबवतो तो मुंबईच्या टर्मिनल दोनवरचा, चेक-इन काउंटरच्या मागे उभा असलेला पंचविशीतला मुलगा. तो ब्रिटिश अधिकारी नाही, वकील नाही. त्याच्यासमोर ‘टिमॅटिक’ नावाची माहितीप्रणाली असते. विमानकंपन्यांची जागतिक संघटना आयाटा ती चालवते. तो पासपोर्टचा देश, मार्ग, व्हिसा टाकतो आणि पडदा सांगतो की नेता येईल की नाही. चुकून नेले तर कंपनीला दंड, शिवाय प्रवाशाला परत आणायची जबाबदारी. चुकून अडवले तर फार तर एक रागावलेला प्रवासी. दोन्ही चुकांची किंमत इतकी वेगळी असल्यावर शंकेचा फायदा प्रवाशाला मिळणे कठीण. इथे अपील नाही, सुनावणी नाही. वात्रीला निदान न्यायाधीश आले होते.

त्यामुळे तिकीट काढताना काय बघावे, हे सांगितले पाहिजे. तिथे आपण इमिग्रेशन ओलांडणार की नाही, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. बाकीचे त्यावर अवलंबून आहे. एका तिकिटावर, एकाच विमानतळावर, सामान थेट शेवटपर्यंत जाणार असेल तर सहसा ओलांडावे लागत नाही. पण स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर बऱ्याचदा बॅग बाहेर जाऊन घ्यावी लागते आणि पुन्हा चेक-इन करावे लागते. बाहेर जाणे म्हणजे प्रवेश, आणि प्रवेशाला विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा चालत नाही. शार्ल द गॉलला उतरून ऑर्लीहून निघायचे असेल तर मधे अख्खे पॅरिस आहे. ब्रिटनने तर दोन वेगळे व्हिसाच ठेवले आहेत: एक इमिग्रेशनच्या आतच राहणाऱ्यासाठी, दुसरा बाहेर येऊन ४८ तासांत निघून जाणाऱ्यासाठी.

शेंगेनचा सापळा याहून फसवा आहे. समजा, कोणी मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून माद्रिद आणि तिथून बोगोटा असे तिकीट काढले. त्याला वाटते आपण दोनदा ट्रान्झिट करतोय. पण शेंगेनचे २९ देश सीमेच्या दृष्टीने एक आहेत. फ्रँकफर्ट ते माद्रिद हे विमान मुंबई ते नागपूर विमानासारखे देशांतर्गत धरले जाते. म्हणजे तो फ्रँकफर्टला युरोपात प्रवेश करतो आणि माद्रिदहून बाहेर पडतो. त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. एकच शेंगेन विमानतळ मधे असेल तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेत तर ट्रान्झिटची वेगळी जागाच नाही. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरलेला प्रत्येकजण इमिग्रेशनमधून जातो, बॅग उचलतो, मग पुढचे विमान. पूर्वी काही प्रवाशांना व्हिसाशिवाय, विमानकंपनीच्या देखरेखीखाली पुढे नेण्याची सोय होती. २ ऑगस्ट २००३ पासून सुरक्षेच्या कारणावरून ती थांबवली गेली. त्यामुळे न्यूयॉर्कमार्गे पेरूला जाणाऱ्या भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा लागतो, निदान ‘सी-वन’ हा ट्रान्झिटचा. कॅनडाही ट्रान्झिट व्हिसा मागतो, पण ४८ तासांपर्यंतच्या मुक्कामासाठी तो विनाशुल्क देतो. ऑस्ट्रेलियाचा ७२ तासांचा ट्रान्झिट व्हिसाही फुकट आहे. १९२० च्या परिषदेचा आत्मा कुठे उरला असेल तर या दोन ठिकाणी. दुबई, सिंगापूर यांनी उलटाच धंदा मांडला: विमानतळाच्या आतून पुढे जाणाऱ्याला काही विचारायचे नाही, कारण त्यांची सुबत्ताच विमान बदलणाऱ्या माणसांवर उभी आहे. आखातमार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयांची गर्दी केवळ भाड्यामुळे नाही.

ट्रान्झिटमधून पैसा करण्याचा आणखी एक प्रकार एल साल्वादोरने दाखवला. २३ ऑक्टोबर २०२३ पासून त्या देशाने आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या आणि भारताच्या पासपोर्टधारकांना, नुसते विमान बदलायलाही, एक हजार डॉलर शुल्क लावले. करासह १,१३० डॉलर. कारण सांगितले विमानतळाच्या सुधारणेचे. खरे कारण उत्तरेकडे, अमेरिकेच्या सीमेवर होते. वात्रीचे विमान त्यानंतर दोन महिन्यांनी शेजारच्या निकाराग्वाला निघाले होते.

यात भारत फक्त सोसणाऱ्यांच्या बाजूला आहे असे समजू नये. पुढचे पक्के तिकीट असलेला आणि विमानतळाबाहेर न पडणारा परदेशी प्रवासी सर्वसाधारणपणे २४ तासांपर्यंत व्हिसाविना आपल्याकडे विमान बदलू शकतो. बाहेर यायचे तर भारताचाही ट्रान्झिट व्हिसा आहे. २००० साली संसदेने विमानकंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा केला आणि कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास एक लाख रुपये दंड ठेवला. १९२० चा पासपोर्ट कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि हा कायदा एकत्र गुंडाळून २०२५ चा इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा आला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे आणि दंड आता दोन ते पाच लाख रुपये आहे. नैरोबीच्या किंवा ढाक्याच्या काउंटरवरचा मुलगा मुंबईच्या प्रवाशाचा पासपोर्ट उलटसुलट करून बघतो तेव्हा त्याच्या पडद्यावर आपली ओळ असते.